विजयस्तंभाची पहाट आणि डिझेलची टाकी

डिसेंबर संपत आला की नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वस्त्यावस्त्यांतून एकच विचारणा सुरू होते : "यंदा कोरेगावला कोण कोण येणार?" १ जानेवारी १८१८ च्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या महार शूरांची आठवण सांगणारा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. बाबासाहेब तेथे १ जानेवारी १९२७ रोजी गेले होते. केडगाव, सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर अशी सुमारे ९० किलोमीटरची वाट. पहाटे निघावे तर उघड्या माळावरचा वारा हाडापर्यंत पोहोचतो.

एका वर्षी आम्ही नऊजण भाड्याच्या जीपने निघालो. सोबत वस्तीतल्या ऐंशीच्या आजी होत्या. पंपावर चालक काका चहाला उतरले, आणि आमच्यापैकी कोणीतरी काच खाली न करताच "टाकी फुल करा" एवढेच सांगितले. काका परतले तेव्हा डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडत होते.

"थोडंच गेलंय, चालेल," असे म्हणत एका पोराने किल्लीकडे हात नेला. काका ओरडले, "किल्लीला हात लावू नको!" ते निवृत्त फौजी, लेहकडे ट्रक चालवलेले. गाडी ढकलून बाजूला घेतली. मग त्यांनी समजावले : डिझेल इंजिनाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. पेट्रोल मिसळले की ते वंगण तुटते. किल्ली फिरवली की ते पेट्रोल पुढे जाते आणि पंप व इंजेक्टर घासून निकामी होतात. गाडी बंद असतानाच टाकी रिकामी केली तर मोठा खर्च टळतो.

मिस्त्रीची वाट पाहताना कोणी विचारले, "काका, थंडीत डिझेल गोठतं म्हणे. रॉकेल टाकावं का?" काका हसले. डिझेलमध्ये मेण असते. कडक थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये म्हणून लोक रॉकेल मिसळत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. नगरचा पारा एक आकडी झाला तरी येथे ती वेळ येत नाही. उलट रॉकेलाने पंपाचे वंगणच जाते.

आपल्याकडे पहाटे गाडी रुसते ती बहुधा वेगळ्या कारणांनी : थकलेली बॅटरी, बिघडलेला हीटर प्लग किंवा फिल्टरमध्ये साचलेले पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर गार पडली की आतल्या हवेतील दमट वाफेचे पाणी होते. म्हणून टाकी आदल्या संध्याकाळीच भरावी, फिल्टरमधले पाणी काढून घ्यावे आणि हीटरचा दिवा विझल्यावरच गाडी चालू करावी. १ जानेवारीला वाहतूक वळवलेली असते, गाडी तासन् तास अडकते. तेव्हाही भरलेली टाकी कामी येते.

आणि पंपावर? इंजिन बंद करावे, खाली उतरावे, "डिझेल" असे स्पष्ट सांगावे, यंत्रावरचा शून्य पाहावा. विडी-सिगारेट नको. विचारायला लाजू नये. कारण समजून घेऊन वागणे हीच तर आपल्याला तथागतांची शिकवण.

काका जीपपाशी थांबले. आम्ही मिळेल त्या एस.टी.ने निघालो. पुढचे अंतर पायीच होते. "आजी, जमेल ना?" विचारले तर म्हणाल्या, "गाडी बिघडली रं, माझे पाय न्हाई बिघडले." दुपारी त्यांनी स्तंभापुढे हात जोडले, तेव्हा सकाळचा सारा शीण उतरला.

जय भीम!