४१४००१

११ ऑगस्ट २०२५
पार्सलवर आपला नगरचा पत्ता लिहिताना पिनकोडावर नजर अडकली. ४१४ मधून १ वजा केला की ४१३. सात एकोणसाठे चारशे तेरा. म्हणजे सगळ्या संख्येलाच सातानं भाग जाणार. (१००१ हा ७, ११, १३ यांचा गुणाकार, त्यावर ही युक्ती चालते.) भागलं: ५९१४३. परत सातानं: ८४४९. परत: १२०७. इथं सात संपला. १२०७ म्हणजे १७ गुणिले ७१. दोन्ही मूळ संख्या, आणि एक उलटी केली की दुसरी. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं देखणं जमलं नसतं!

१२ ऑगस्ट
ठरवून अर्थातच नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. टपालखात्यातला अधिकारी आणि संस्कृत कवी! त्यांच्या हिशेबात पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी कुठं होते ते सांगणारे, पुढचे तीन पोस्टाचे. जिल्हा एक असला तरी संगमनेर ४२२ मध्ये, शिर्डी ४२३ मध्ये, श्रीरामपूर ४१३ मध्ये. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या; सात-सात-सात-सतरा-एकाहत्तरला कुणी हात लावला नाही.

१४ ऑगस्ट
आज कापरेकरी खेळ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. नगरकराला देवळाली म्हटलं की राहुरीची देवळाली प्रवरा आठवते, ही नाशिकजवळची. त्यांचा ६१७४ जगभर गेला: चार अंक (सगळे सारखे नकोत) उतरते मांडा, त्यातून चढते वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच, की शेवटी ६१७४ वरच येता.

सहा अंकांना असं एकच घर नाही. ४४११०० उणे ००११४४, ४३९९५६. पुढं ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६. आपला पिन या रिंगणात शिरला की सुटका नाही. रिंगणात संख्या किती? सातच. इथं मात्र योगायोगच म्हणायचं. ७ चा घन आणि हे रिंगण यांचा संबंध जोडायचा मोह मी आवरला.

१६ ऑगस्ट
४१४००१ ही देवळाली संख्या आहे का, तेही पाहिलं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच येत नाही, ती देवळाली संख्या. ४१३९६९ च्या अंकांची बेरीज ३२, मिळवली की ४१४००१. म्हणजे नाही. जन्मदाती सापडली.

मामांचा संगमनेरचा ४२२६०५ घेतला. पाचानं भागून ८४५२१. पुढं त्रेचाळीसपर्यंत एकही मूळ संख्या दाद देईना. सत्तेचाळीस उद्या.