मुक्काम खंडाळा (भाग पहिला)

गुरुवार, मार्गशीर्ष

खंडाळ्याला लोक हवा खायला येतात. मी यंदा पायांनी बघायला आलोय. उतरलोय ते घर कौलारू, तीन खोल्यांचं, पुढे ओटा. आतल्या फळीवर गडकोटांची पुस्तकं, आणि एक जाडजूड वही. आधी राहून गेलेल्या चालणाऱ्यांनी तीत वाटा लिहून ठेवल्यात: पाणी कुठे मिळतं, निसरडं कुठे आहे, कुठल्या ओढ्यापासून डावीकडे वळायचं. संध्याकाळभर तीच वाचत बसलो.

घर सांभाळणाऱ्या मावशींचा आज मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडलेला, कहाणी वाचून झाली, मग नैवेद्य, आणि मग आमचं ताट. शेवयांची खीर वाढताना म्हणाल्या, "उद्या उतरायचंय ना, दोनदा घ्या."

रात्री ओट्यावर बसलं की घाट ऐकू येतो. कर्जतला मागून इंजिनं जोडलेली गाडी वर चढतेय, हे डोळे मिटूनही कळतं: पुढच्याचा आवाज आधी, मागच्यांचा घोगरा नंतर. चढ ३७ फुटांना १ फूट. हा मार्ग १८६३ साली खुला झाला. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजुरांनी सुरुंग लावून हा डोंगर फोडला. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. पण ही वाट मुळात शिंगरोबा धनगराने दाखवली, असं घाटातला प्रत्येक माणूस सांगतो, आणि ड्रायव्हर अजून त्याच्या देवळापाशी हात जोडतात. मलाही ते पटतं. जनावरं घेऊन चालणाऱ्याइतका घाट कोणाला कळणार?

शुक्रवार

पहाटे कुरवंड्याकडे निघालो. गाव मागे पडलं की नागफणीचा सुळका अगदी अंगावर येतो. इथून खाली चावणीला उतरणारी जी वाट, तीच १६६१ साली कारतलबखान उतरला. पुण्यात बसलेल्या शाहिस्तेखानाने त्याला कोकणात धाडला होता, सोबत रायबागन होती.

पुस्तकात वाचलेली लढाई पायाखाली आली की वेगळीच कळते. उतार संपतो आणि झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते. वारा थांबतो. सकाळी दहालाच घाम निथळायला लागला, माझ्या पाठीवर फक्त एक पिशवी. त्या लोकांच्या अंगावर जड सरंजाम, मागे लांबलचक रांग, मागे फिरायला जागा नाही. २ फेब्रुवारीला उंबरखिंडीत मावळ्यांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, आणि महाराजांनी सामान ठेवून घेऊन माणसांना जाऊ दिलं. स्मारकाजवळच्या खडकावर बसून मी बराच वेळ नुसता कान देऊन होतो. पाखरांखेरीज काही नाही.

उतरताना उजव्या बुटाचा तळवा सुटला. चावणीत एका आजोबांनी सुतळी दिली, वर स्वतःच तिढा घालून बांधून दिली. खोपोलीपर्यंत वडाप, तिथून एसटीने घाट चढून घरी.

शनिवार

लोणावळ्याहून लोकल, पुढचंच स्टेशन मळवली. तिथून भाजे गावातून पायऱ्या.

भाजे मी चौथ्यांदा पाहतोय आणि दर वेळी चैत्यगृहाच्या खांबांपाशीच अडकतो. खांब आठ पैलूंचे, साधे, आणि आतल्या बाजूला किंचित कललेले. दगडाला कलायची गरजच नाही. कलतं ते लाकूड, छपराचा भार तोलायला. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे कोरलं, त्यांच्या हाताला सुताराची सवय होती. दर्शनी बाजूचं लाकूडकाम केव्हाच गेलं, पण ते बसवायला पाडलेल्या खोबणी दगडात तशाच आहेत. एका खोबणीत बोट घातलं. कडा अजून चौकोनी आहे. वर छताला सागवानी फासळ्या आहेत, काळ्या पडलेल्या, पण जागच्या जागी.

शेजारच्या विहारात भिक्खूंच्या खोल्या. भिंतीला लागून दगडी ओटा: हाच पलंग. त्यावर आडवा झालो. लांबीला बरोबर पुरतो. पाठीला गार लागतं, दारातून मावळातली शेतं दिसतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर जाणारा माल या घाटाने चढायचा. बैल, व्यापारी, भिक्खू सगळे याच वाटेचे. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी काढायचे, हा त्यांचा नियम. मावळातला आषाढ ज्याने पाहिलाय, त्याला त्या नियमाचं कारण विचारावं लागत नाही.

इथल्या एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. कौशिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीचं हे दान. टाक्याला शब्द वापरलाय 'पोढी'. माणसाने आपलं नाव कोरायला पाण्याचं टाकं निवडलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आलेल्याला पाणी आणि पाठ टेकायला जागा, चालणाऱ्याला आणखी काय लागतं?

मावशींना रात्री हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग, आम्ही काय वेगळं करतो?"

रविवार

कार्ल्याला गेलो नाही. आज एकवीरेला कोळी-आगरी मंडळींची रीघ असते. ती आपल्या आईला भेटायला येतात, त्यांच्या पायऱ्यांवर मी गर्दी करणार नाही. बूट शिवून घेतले. झोपलो.

सोमवार

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट धरली. पंधराएक किलोमीटर, बरीचशी सपाटीची, म्हणून पाय आपोआप चालतात आणि मन मोकळं राहतं. फणसराई मागे पडली आणि झाडांमधून श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले एकदम समोर आले.

उधेवाडी किल्ल्याच्या माचीवरच वसलंय. इथल्या घरांनी किती पिढ्यांच्या ट्रेकर्सना जेवू घातलंय, त्याची गणती नाही. हॉटेल नव्हे ही. आपण कुणाच्या तरी घरी राहतो. चुलीपाशी त्यांची पोरं अभ्यास करत असतात, आपण कडेला सरकून बसायचं. पिठलं, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा. भाकरी तव्यावरून उचलून थेट निखाऱ्यावर टाकली की ती टम्म फुगते, आणि वाफेचा वास घरभर होतो.

ऊन उतरल्यावर भैरवनाथाच्या देवळावरून श्रीवर्धनवर चढलो. पश्चिमेला सगळं कोकण निळसर. दक्षिणेला नागफणी, आणि तिच्या अलीकडे कुठेतरी माझा कौलारू ओटा. अंधारल्यावर घाटात गाडीच्या दिव्यांची रेघ सरकली, मध्येच बोगद्यात विझली, पुन्हा उजळली. आवाज मात्र इथवर आला नाही.

खाली आलो तर घरधनीण अंथरूण घालत होती. उद्या कोंढाणे लेण्यांवरून कर्जतला उतरायचंय, म्हटलं.

"वाटेत काही मिळत नाही," ती म्हणाली. "किती भाकऱ्या बांधू?"

(क्रमशः)