तारांखालचा रुमाल

स्वीट एम्मा बॅरेट पियानोला बसायची ती घुंगरू बांधून. गुडघ्याशी लाल पट्ट्या, त्यांना शिवलेले घुंगरू, डोक्याला घट्ट बसलेली लाल टोपी. पायानं ठेका धरला की पियानोच्या पोटाखालून छुमछुम उठायची. १९६४ च्या तिच्या रेकॉर्डवर मला ती ऐकू येते. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही, तेव्हा माझा भासही असेल. १९६७ मध्ये तिला अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला. बाई उजव्या हातानं वाजवत राहिली. १९८३ मध्ये गेली.

न्यू ऑर्लिन्सच्या प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँडची गोष्ट अशी, गेलेल्यांची नावं घेत घेतच सांगावी लागते.

हॉल आपला म्हणायचा. सेंट पीटर स्ट्रीटवरची एक जुनी खोली, रंग उडालेल्या भिंती, चार बाकं, पुढे जमिनीवर उशा, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. दारू नाही, माईक नाही. लॅरी बोरेनस्टीन नावाच्या गृहस्थांचं तिथे चित्रांचं दुकान होतं. दुकान टाकून गाणं ऐकायला जाता येईना, म्हणून त्यांनी वादकांनाच तालमीला दुकानात बोलवायला सुरुवात केली. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातून आलेल्या अॅलन आणि सँड्रा जॅफी या नवविवाहित जोडप्यानं तो संसार अंगावर घेतला. सँड्रा दारात टोपली घेऊन पैसे गोळा करायची, अॅलन आत वादकांच्या मागे बसून ट्यूबा फुंकायचा. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवू नये, एकत्र बसू नये असा त्या राज्याचा कायदा असताना ती बाकं मात्र सगळ्यांची होती.

‘प्रिझर्व्हेशन’ म्हणजे जतन. हा शब्द मला नेहमीच खटकत आला. बरणीतलं लोणचं जतन होतं. पण जी चीज रोज रात्री वेगळी वाजते, ती कशात घालून ठेवणार? शिवाय ज्यांच्या हातात ते जतन सोपवलं, ते स्वतःच पिकली पानं. जॅझ आणि ते एकाच सुमाराला जन्मलेले. जॉर्ज लुईस, ज्याचा क्लॅरिनेट ऐकताना घशात काहीतरी अडकतं, त्यानं गोदीत ओझी वाहिली. नार्विन किंबल बँजो वाजवायचा, पण पोट भरायचं ते पोस्टमनकीवर. डीडी पिअर्स अंध, ट्रम्पेट वाजवायचा. शेजारी पियानोवर त्याची बायको बिली. १९६८ मध्ये लुईस गेला. १९७३ मध्ये डीडी, त्याच्या मागोमाग पुढच्याच वर्षी बिली. १९७६ मध्ये ट्रोम्बोनवाला जिम रॉबिन्सन. जतन कसलं, दर दोन-तीन वर्षांनी एक खुर्ची मोकळी.

पण त्या गावाला रिकाम्या खुर्चीशी कसं वागायचं ते ठाऊक आहे. वादक गेला की बँड त्याला पोचवायला जातो. साइड ड्रमच्या खालच्या बाजूला तारा असतात, ड्रमचा तो खणखणीत आवाज त्या तारांचा. तारा आणि कातडं यांच्यामध्ये ड्रमवाला रुमाल सारतो. आवाज बसतो, रडून बसलेल्या घशासारखा. त्या मुक्या ठेक्यावर पाऊल रेटत सगळे दफनभूमीपर्यंत जातात. माती दिली, थोडं अंतर मागे आलं, की ड्रमवाला रुमाल ओढून काढतो. एक कडकडाट. ट्रम्पेट आभाळात जातं, छत्र्या उघडतात, रस्त्यावरची पोरंसोरं मागे नाचत निघतात. आपल्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. मला तरी वाटलं होतं.

अॅलन १९८७ मध्ये गेला, एक्कावन्नाव्या वर्षी, आपल्या म्हाताऱ्या वादकांतल्या कित्येकांच्या आधी. हम्फ्री बंधू त्याच्यामागेही वाजवत होते. विली क्लॅरिनेटवर, धाकटा पर्सी ट्रम्पेटवर. त्यांचे आजोबा नदीकाठच्या मळ्यांवर जाऊन मजुरांच्या मुलांना बँड शिकवायचे. आपल्याकडे याला घराणं म्हटलं असतं. विली १९९४ मध्ये गेला, त्र्याण्णवाव्या वर्षी. पर्सी पुढच्या वर्षी, नव्वदाव्या. तोवर अॅलनचा मुलगा बेन कारभार बघू लागला होता, आणि वाजवायला त्यानंही धरला तो ट्यूबाच.

मग २००५ चं कतरिना वादळ. हॉलमध्ये पुराचं पाणी शिरलं नाही, वादकांच्या घरांत शिरलं. माणसं पांगली. किंबल पुढच्या मार्चमध्ये चार्ल्स्टनला गेला, सत्याण्णव वर्षांचा होऊन. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बरोबर पत्त्यावर पोचवलेला माणूस, आणि शेवट असा दुसऱ्याच गावात. ट्रम्पेटवाला जॉन ब्रुनियस २००८ मध्ये फ्लोरिडात. या दोघांचं मला बाकीच्यांपेक्षा जास्त लागतं. का, ते नीट सांगता येत नाही.

हॉलमध्ये फर्माइशीचे दर लिहिलेली पाटी असायची. ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ हे गाणं हवं तर सगळ्यांत जास्त पैसे. तेच ते वाजवून कंटाळलेल्या वादकांची ही थट्टा आपल्या मैफिलींतही चालली असती. सँड्रा २०२१ च्या डिसेंबरात गेली. त्यानंतरही तिथे चार्ली गेब्रिएल क्लॅरिनेट घेऊन बसायचा, जन्म १९३२चा, एम्माच्या काळातल्या मंडळींसारखाच म्हातारा.

ड्रमवाला तो रुमाल फेकून देत नाही. घडी करून खिशात ठेवतो.