विमानांचं बारसं

हैदराबादला पाहुणे आले की आपण त्यांना चारमिनार दाखवतो, सालारजंग दाखवतो, गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळी वाजवून वरपर्यंत आवाज कसा जातो ते ऐकवतो. बेगमपेठचा विमानतळ मात्र कुणी दाखवत नाही. २३ मार्च २००८ पासून रोजची प्रवासी विमानं शमशाबादला गेली आणि शहराच्या ऐन मध्यावर असलेली ही धावपट्टी बहुतेकांच्या विस्मरणात गेली. खास विमानं अधूनमधून उतरतात, दर दोन वर्षांनी विमानांचं मोठं प्रदर्शन भरतं, एवढंच. एरवी बाहेरच्या रस्त्यावरून भिंत दिसते.

मी मात्र दर शनिवारी रात्री बेगमपेठला जाते. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ही धावपट्टी अजून सगळ्यांना खुली आहे. व्हीओएचवाय हा तिचा संकेत टाकला की झालं. प्रश्न पुढचा असतो. तिथे उभं कोणतं विमान करायचं?

सिम्युलेटर न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. विमानाचा सांगाडा आणि त्याचं उडणं ही एक गोष्ट, अंगावरचा रंग ही दुसरी. त्या रंगाच्या अंगरख्याला स्किन किंवा लिव्हरी म्हणतात. जगभरातले हौशी लोक स्किन रंगवतात आणि फुकट वाटतात. एकाच डीसी-३ विमानाला पन्नास अंगरखे मिळू शकतात. माझ्याकडे भारतीय विमानांचे सव्वाशेच्या वर जमलेत, आणि ते आले तेव्हा त्यांची नावं होती ‘इंडिया न्यू’, ‘इंडिया फायनल’, ‘इंडिया फायनल २’. लग्नाच्या याद्यांच्या फायलींना आपण देतो तशीच.

आमचे काका बेगमपेठच्या हँगरमध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानांच्या देखभालीवर होते. त्यांना मी कौतुकाने एक स्किन दाखवली, शेपटीवर ‘डेक्कन’ लिहिलेली. ते म्हणाले, “कुठली डेक्कन?”

प्रश्न बरोबर होता. १९४५ साली निजाम सरकारच्या भागीदारीत सुरू झालेली डेक्कन एअरवेज, जिची डीसी-३ विमानं याच बेगमपेठहून उडायची, ती एक. २००३ साली बेंगळुरूहून सुरू झालेली स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन ही दुसरी. मधे जवळजवळ साठ वर्षांचं अंतर, नात्याचा संबंध नाही, पण फोल्डरमध्ये दोघी शेजारी शेजारी, दोघींचं नाव ‘डेक्कन’. ‘इंडियन’ शब्द शोधला तर आणखी गंमत. १९५३ साली आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, त्यात आपली डेक्कन एअरवेजही विरली. २००५ च्या शेवटी तिनेच नाव आखडून नुसतं ‘इंडियन’ केलं आणि शेपटीवर कोणार्कचं चक्र घेतलं. पुढे तीही एअर इंडियात मिसळली.

“कंपनी विचारू नकोस,” काका म्हणाले, “रजिस्ट्रेशन विचार. रंग चार वेळा बदलतो गं, नंबर तोच राहतो.”

भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर व्हीटी आणि पुढे तीन अक्षरं असतात. डेक्कन एअरवेजचं विमान इंडियन एअरलाइन्सकडे गेलं तेव्हा साइनबोर्ड बदलला, पण हँगरमधल्या वहीत ते त्याच अक्षरांनी ओळखलं जात राहिलं. काकांना अजून असे कितीतरी नंबर पाठ आहेत, शेजाऱ्यांच्या मुलांची नावं असावीत तसे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. फोल्डरच्या नावात क्रमाने चार गोष्टी. विमानाचा प्रकार, कंपनी, तो रंग कोणत्या वर्षांतला, आणि रजिस्ट्रेशन. म्हणजे यादी लावली की सगळी डीसी-३ एकत्र येतात आणि त्यांच्यात कंपन्या आपोआप वेगळ्या होतात. वर्ष नक्की माहीत नसेल तर दशक लिहायचं. अंदाजाने वर्ष ठोकून द्यायचं नाही.

पण प्रत्येक स्किनला आणखी दोन नावं असतात. विमानाच्या aircraft.cfg नावाच्या फाइलीत ‘टायटल’ नावाची एक ओळ असते. ती सिम्युलेटरसाठी. ती प्रत्येक स्किनची वेगळीच हवी, दोघींची सारखी झाली तर घोळ होतो आणि एखादी यादीतून गायबसुद्धा होते. दुसरी ओळ आपल्याला पडद्यावर दिसणाऱ्या नावाची. आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, तसंच हे. पाळण्यातल्या नावात मी सगळा तपशील भरते, हाकेचं नाव सुटसुटीत ठेवते. मात्र आतल्या टेक्श्चर फोल्डरचं नाव बदलायचं असेल तर फाइलीतली त्याची नोंदही बदलायची. नाहीतर विमान बिनरंगाचं उभं राहतं.

हाकेच्या नावांत आपली विमानं श्रीमंत आहेत. एअर इंडियाने १९४८ साली ८ जूनला मुंबईहून लंडनची पहिली फेरी नेली ते विमान ‘मलबार प्रिन्सेस’. पुढे बोइंग ७०७ आली, त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावं. १९७१ पासून जंबो ७४७ आली, त्यांना सम्राटांची. अशोक, शाहजहान, कनिष्क. त्या जंबोंच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची महिरप रंगवलेली असायची. पडद्यावर विमान जवळ आणून त्या महिरपी बघत बसावं.

याच नावांपाशी आमच्या घरात एकदा वाद झाला. सुट्टीत आलेल्या चौदा वर्षांच्या मामेभावाला माझ्या जुन्या एफएसएक्समध्ये एक ७०७ सापडली. उतरवून घेतानाच तिच्या फोल्डरच्या नावात ‘क्रॅश’ हा शब्द होता. व्हीटी-डीएमएन, ‘कांचनजंगा’. २४ जानेवारी १९६६ ला हे विमान जिनिव्हाला उतरायच्या आधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत होमी भाभा होते. पोरगा म्हणाला, “ताई, तिथेच नेऊन बघू या ना कसं झालं ते!”

मी नाही म्हटलं. तो रुसला. गेममध्ये काय फरक पडतो, हा त्याचा मुद्दा. काका शेजारी पेपर वाचत होते. ते म्हणाले, “अरे, पडलं तो त्या विमानाचा एक दिवस. त्याआधी ते वर्षानुवर्षं माणसं नेऊन सोडत होतं. त्याचं नाव त्या एका दिवसावरून कशाला?”

आम्ही दोघांनी मिळून ते बदललं. ‘बोइंग ७०७, एअर इंडिया, १९६० चं दशक, व्हीटी-डीएमएन, कांचनजंगा’. मग त्याने बैरूतहून ते उडवलं, आल्प्स ओलांडण्यासाठी उंची नीट राखली आणि जिनिव्हाला उतरवलं. धावपट्टीवर थोडं उशिरा टेकलं, पण उतरलं. कुणी काही बोललं नाही. व्हीटी-ईबीडी ‘अशोक’ आणि व्हीटी-ईएफओ ‘कनिष्क’ यांच्या फोल्डरांतले तसलेच शब्द त्याने नंतर आपणहून काढले.

माझी आवडती फेरी मात्र घरचीच. डेक्कन एअरवेजच्या रंगातलं डीसी-३ घेऊन बेगमपेठहून पूर्वेकडे उडायचं, उजवीकडे वळून हुसेनसागराला एक फेरी घालायची आणि मुंबईची दिशा धरायची. सुमारे सव्वासहाशे किलोमीटर, सव्वादोन तास. बीदरचा किल्ला, मग औसा, बार्शी, करमाळा. आपल्यापैकी कितीजणांची मूळ गावं याच पट्ट्यात आहेत! चाकणच्या पुढे जमीन एकदम तुटते, सह्याद्रीच्या कड्याखाली कोकण दिसतं, माथेरानच्या अंगाने जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन व्हीटी-एडीएन या छोट्या पुस मॉथने उतरले ते याच जुहूला.

या फेरीत एक विसंगती राहतेच. अंगावरचा रंग १९५० च्या आसपासचा आणि खाली हायटेक सिटीच्या काचेच्या इमारती. जमीन आजच्या उपग्रहाच्या फोटोंतून येते, तिला जुनं वर्ष लावता येत नाही. विमानाला लावता येतं, म्हणून ते नीट लावायचं.

घरातले जुने अल्बम काढलेत तर विमानापुढे उभं राहून काढलेला एखादा फोटो सापडेल. लंडनला निघालेले आजोबा, नाहीतर हार घातलेली नवी नवरी. माणसं बघून झाली की त्यांच्या मागे, शेपटीजवळ बघा. व्हीटीपुढची तीन अक्षरं वाचता आली तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि आजीला वर्ष विचारून तेही लिहा.