शटर उघडं असताना

पंचांगात अमावास्या आली की घरातली मोठी माणसं प्रवास टाळतात. आमचे ट्रायपॉड नेमके त्याच दिवशी गाडीत चढतात. चंद्र नाही, ढग नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नाही, असा योग वर्षातून मोजकाच. त्यातली आश्विनातली काळी रात्र फटाक्यांच्या धुरात जाते, त्याचं दुःख कुणाला सांगणार! जूनमध्ये सूर्य मृगात शिरतो, पाऊस येतो आणि कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात जातात. धनू-वृश्चिकाकडचा आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा संध्याकाळी सोयीच्या वेळी वर येतो तो नेमका या ढगांच्या दिवसांत. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठून त्याची वाट पाहायची.

थंडीत मात्र मृग डोक्यावर असतो. व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे, आणि त्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका. दुर्बिणीतूनही तो राखाडीच दिसतो, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. हा मृगातला तेजोमेघ सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर आहे आणि तिथे अजून तारे जन्मताहेत. कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो. वीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम घ्यायच्या, घरी येऊन एकावर एक रचायच्या; नॉईज विरत जातो आणि हायड्रोजनचा गुलाबी पिसारा वर येतो.

अडचण एकच, पृथ्वी थांबत नाही. दर चार मिनिटांना आकाश एक अंश सरकतं आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून ट्रॅकर लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्याकडून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर. सह्याद्रीची एखादी सोंड मध्ये आली की तो गेलाच! त्यामुळे आमच्यातली जुनी मंडळी गावात शिरताच आधी चहाची टपरी शोधत नाहीत, उत्तर मोकळी आहे का ते बघतात.

या छंदाचं घराणंही मजेदार आहे. याच तेजोमेघाचा पहिला फोटो 1880 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपरने काढला. वैद्यकी शिकलेला माणूस, आणि शटर जवळपास पन्नास मिनिटं उघडं. तीन वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमनने काढलेल्या फोटोत डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. हा पेशाने सांडपाण्याच्या कामांचा इंजिनिअर. आणि 1888 मध्ये देवयानी दीर्घिकेची भोवऱ्यासारखी घडण काचेवर उतरवणारा आयझॅक रॉबर्ट्स बांधकामाच्या धंद्यातला. पोटासाठी दिवस, आवडीसाठी रात्र, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

पण फोटो हा या छंदाचा निम्माच भाग, आणि माझ्या मते धाकटा. शटर उघडलं की करण्यासारखं काहीच उरत नाही. ट्रायपॉडजवळ चालायचं नाही, टॉर्च लावायची तर लाल, मोबाईल खिशात. वीसेक मिनिटांनी डोळे अंधाराला सरावतात आणि कृत्तिकांचा झुबका सुटा होऊ लागतो. रोहिणीचा तांबूसपणा, काक्षीचा त्याहून वेगळा, व्याधाची क्षितिजालगतची चमचम. कॅमेऱ्याच्या निमित्ताने माणूस चार तास उताणा पडून राहतो, एरवी कोण पडतं? पूर्वी मला वाटायचं, यंत्र आलं की बघणं सुटतं. इथे उलटंच होतं. यंत्र कामाला लागतं म्हणून बघायला सवड मिळते.

असा अंधार आता शोधत जावा लागतो. शहराचा पिवळट फुगवटा दरवर्षी नवा डोंगर ओलांडतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ते बरंच झालं. पण आकाशासाठी राखीव जंगल लागावं, हे वाचून आनंदाबरोबर थोडी चीडही आली.

भंडारदऱ्याकडच्या एका शेतात राखणीला असलेले आजोबा मध्यरात्री घोंगडी पांघरून आमच्यापाशी आले. सप्तर्षींकडे न्याहाळून म्हणाले, “बाजलं वर आलं, दोन वाजलं असतील.” घड्याळात दोनला दहा कमी होते. मी स्क्रीनवर त्यांना मृगातला मेघ दाखवला. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “ह्यो रंग तुम्ही भरला का?”

“नाही आजोबा, तिथंच आहे. आपल्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो.”

“मग मला दिसंना त्ये खोटं, का ह्ये?”

या प्रश्नावर ड्रेपरनेही डोकं खाजवलं असतं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच खिशातून मोबाईल काढला. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. नातवाच्या नंबरवर धाडून दे, त्यो शाळंत दाखवंल.”