सुटलेला क्रमांक

सोमवार, ९ जून
सकाळीच ग्रंथपाल मॅडमचा फोन. "अहो, पुस्तकांची यादी पुन्हा उघडत नाहीये." महिन्यातली ही तिसरी वेळ. आमच्या फ्रीबीएसडी सर्व्हरला नेटवर्क कार्ड एकच. त्यावर मुख्य आयपी पत्ता आणि तीन जादा पत्ते, म्हणजे अलियास. मुख्य पत्ता पिंगला उत्तर देत होता, यादीचा पत्ता गप्प. 'आयएफकॉन्फिग'ने अलियास हाताने चढवला आणि यादी उघडली. आज पहिल्यांदाच अपटाइमही पाहिला: साडेचार तास. पहाटे मशीन कुणी सुरू केलं?

मंगळवार, १० जून
'लास्ट'च्या नोंदीत पहाटे मशीन सुरू झाल्याची ओळ आहे; त्याआधी बंद केल्याची नाही. वीज गेलेली नव्हती. बहुधा कर्नल पॅनिक: आतला हिशेब चुकल्याचं दिसलं की कर्नल काम थांबवतो आणि १५ सेकंदांनी मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. अलियासच मशीन पाडतोय, असं माझ्या मनाने घेतलं. पुरावा मात्र काहीच नाही, कारण क्रॅश डम्प बंद होता. 'डम्पडेव्ह' ऑटोवर ठेवला. आता पॅनिक आला तर मेमरीची नक्कल स्वॅपवर उतरेल आणि पुढच्या वेळी सुरू होताना 'सेव्हकोअर' ती उचलून ठेवेल.

बुधवार, ११ जून
आरसी-कॉन्फ फाइल ओळीओळीने वाचली. अलियास ०, अलियास १, अलियास ३. दोन नाहीच! गेल्या महिन्यात एक जुना पत्ता काढताना ती ओळ मीच पुसली होती. मशीन सुरू होताना हे क्रमांक शून्यापासून ओळीने वाचले जातात. मध्ये एक सुटला की वाचणं तिथेच थांबतं, तक्रारही उमटत नाही. यादीचा पत्ता तिसऱ्या क्रमांकावर होता.

म्हणजे मी उलटं वाचत होतो. अलियासमुळे मशीन पडत नव्हतं. मशीन पडून उठलं की अलियास परत येत नव्हता. क्रमांक सलग केले. एका अलियासचा नेटमास्क २५५.२५५.२५५.० होता, मुख्य पत्त्याच्याच सबनेटमधला अलियास म्हणून तो २५५.२५५.२५५.२५५ केला.

शनिवार, १४ जून
आठवड्यात दोन डम्प मिळाले. 'केजीडीबी'त उघडले. दोन्हीकडे फेटल ट्रॅप १२, कर्नल मोडमधला पेज फॉल्ट. पण बॅकट्रेस वेगळे: एक फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये, दुसरा टीसीपीच्या. कोडमधली एकच चूक असती, तर मशीन बहुधा एकाच वाटेवर अडखळलं असतं. संशय रॅमवर. रात्री मेमटेस्ट लावून घरी आलो.

रविवार, १५ जून
पडद्यावर लाल ओळी. रॅमच्या दोन स्टिक एकेक करून तपासल्या. एक नासलेली निघाली, ती काढली. खरी काळजी वेगळीच होती: असल्या मेमरीतून डिस्कवर काय काय लिहिलं गेलं असेल? 'एफएससीके' चालवलं, यादीतल्या नोंदी बॅकअपशी ताडून पाहिल्या. संध्याकाळ झाली, पण सगळ्या जुळल्या.

बुधवार, ९ जुलै
अपटाइम २४ दिवस. आज मॅडमना आधी सांगून मशीन मुद्दाम रीस्टार्ट केलं. महिनाभर मी पत्ता हाताने चढवत राहिलो. त्या दोन मिनिटांच्या मदतीनेच खरा बिघाड झाकला गेला. म्हणून आज कीबोर्डला हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं.

मशीन उठलं. मॅडमनी त्यांच्या टेबलावरून यादी उघडली, एक पुस्तक शोधलं आणि सांगितलं, "आलं हो."