माझी आजी

माझा जन्म 1962 सालच्या जुलै महिन्यात पुण्यास झाला. आमचे बिऱ्हाड त्या वेळी पूरग्रस्तांसाठी वसविलेल्या एका वसाहतीत होते. त्यापूर्वी आमचे घर नारायण पेठेतील एका वाड्यात होते, एवढेच मला ठाऊक होते. तो वाडा का सुटला, याविषयी घरात कोणी बोलत नसे. "पाणी आले आणि सगळे गेले," असे आई कधी म्हणे; पण अण्णा, म्हणजे माझे वडील, जवळ असले की ती तेवढेही बोलत नसे.

जुलै महिना आला की अण्णांचा स्वभाव पालटे. एरवी ते अतिशय मायाळू. पण त्या दिवसांत ते कोणाशी बोलत नसत, अर्ध्या जेवणावरून उठत. नेमका त्याच आठवड्यात माझा वाढदिवस येई. आई औक्षण करी, हातावर साखर ठेवी आणि हळूच म्हणे, "अण्णांजवळ आज काही मागू नकोस हं." मी बालबुद्धीने याचा एकच अर्थ लावला. माझा जन्मच अण्णांना आवडला नसावा! ही समजूत मी कित्येक वर्षे मनात बाळगली. त्यांना बरे वाटावे म्हणून मी मन लावून अभ्यास करी, न सांगता पाणी भरी. तरीही जुलै आला की ते तसेच गप्प होत.

मी सातवीत असताना गुरुजींनी 'माझी आजी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. मी आजी पाहिलीच नव्हती. मग एका मित्राच्या आजीचे नऊवारी लुगडे घेतले, दुसऱ्याच्या आजीच्या गोष्टी घेतल्या आणि एक प्रेमळ आजी तयार केली. गुरुजींनी 'छान' असा शेरा दिला. त्या रात्री ती वही अण्णांच्या हाती पडली. त्यांनी निबंध दोनदा वाचला. खोटे लिहिल्याबद्दल आता मार बसणार, म्हणून मी कोपऱ्यात उभा राहिलो. पण ते एवढेच म्हणाले, "तुझी आजी अशी नव्हती रे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओंकारेश्वराच्या घाटावर नेले. मुठा नदी शांतपणे वाहत होती. पायरीवर बसून अण्णांनी प्रथमच सारे सांगितले. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचे नवे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि नदी पेठांत शिरली. आई त्या वेळी माहेरी होती. आमच्या वाड्यात एक अंध वृद्ध राहत होते. आजी अण्णांना म्हणाली, "आधी त्यांना पोचव. मी माडीवर बसते." अण्णांनी त्यांना पाठीवर घेऊन उंचावर नेले. ते परत फिरले, तो बोळाच्या तोंडाशीच पाणी छातीला लागले. मातीच्या भिंती भिजल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत वाडा खचला.

"मी तिचे ऐकावयास नको होते, असे मला आजवर वाटत आले," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता.

मी भीत भीत विचारले, "म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावलेले नव्हता?"

ते चमकले. "तुझ्यावर? अरे, तू झालास म्हणून तर आमच्या घरात पुन्हा हसू आले. तुझ्या कोवळ्या मनाला त्रास नको, म्हणून मी बोललो नाही."

मग ते आजीविषयी बोलू लागले. ती गोष्टी मुळीच सांगत नसे. ती सोंगट्या खेळे आणि हरली की चिडून पट उधळून देई. सांगता सांगता अण्णा हसले. जिचे नावही घरात निघत नसे, ती माझी आजी त्या पायरीवर मला भेटली.

पुढच्या जुलैतही अण्णा गप्पच होते. पण आता मी त्यांच्याजवळ जाऊन बसू शकत होतो.

मुलांनो, वडील माणसे दुःख लपवितात, ती मायेपोटीच. परंतु दुःख लपले, तरी त्याची सावली मुलांना दिसते. आणि कारण ठाऊक नसले की मुले स्वतःलाच दोषी मानतात. आमच्या शेजारच्या घरी याच्या उलट होते. तेथे पुराचे वर्णन रोज रडून, शिव्याशाप देऊन चाले. त्या घरातला माझा मित्र पावसाची सर आली तरी घाबरून उठे. म्हणून दुःख सांगावे. पण मुलाला पेलेल इतके, शांतपणे सांगावे. तुम्हांलाही घरात अशी सावली दिसली, तर स्वतःला दोष देऊ नका. योग्य वेळ पाहून आईवडिलांना विचारा. त्यांना सांगवत नसेल, तर थोडे थांबा.

ती दोन्ही धरणे पुढे पुन्हा उभी राहिली. पुणेकर आजही त्यांचेच पाणी पितात. माझी मुले मोठी झाली, तेव्हा मी त्यांना त्याच घाटावर नेले आणि सारी हकिकत सांगितली. ती बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. मग धाकट्याने विचारले, "बाबा, पणजी हरली की खरेच पट उधळायची?"